विश्लेषण : पहिली ‘फुल सस्पेन्शन’ सायकल घेताना बजेट कुठे फसते? पुनावळेकरांना खरंच दोन शॉकअप हवेत का?

जीएसटी कमी झाला, पुण्यात आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली आणि पिंपरी-चिंचवडच्या पश्चिमेकडच्या नव्या सोसायट्यांमध्ये ‘डोंगरात चालणारी सायकल’ घेण्याची चर्चा वाढली. पुढे एक आणि मागे एक असे दोन शॉकअप असलेली सायकल पंधरा हजारांतही मिळते आणि पाच लाखांतही. मग फरक कशाचा? मर्यादित पैशांत पहिली फुल सस्पेन्शन माउंटन बाइक घ्यावी की घेऊ नये? घ्यायची असेल तर काय पाहावे? याविषयी...

ही चर्चा आत्ताच का?

त्याला दोन ताजी कारणे आहेत. पहिले कराचे. जीएसटी परिषदेच्या ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत सायकल आणि सायकलच्या सुट्या भागांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो लागू झाला. कर वगळून एक लाख रुपये किंमत असलेली सायकल आधी १ लाख १२ हजारांना पडत होती, ती आता १ लाख ५ हजारांना पडते.

दुसरे कारण वातावरणाचे. १९ ते २३ जानेवारी २०२६ या काळात ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या, म्हणजे यूसीआयच्या, २.२ दर्जाची पाच दिवसांची शर्यत पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरात झाली. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्यात त्यामुळे सायकल पुन्हा बातमीत आली. ही शर्यत मात्र डांबरी रस्त्यावरची होती. तिच्यात धावलेल्या सायकलींना शॉकअप नसतात. ती पाहून सायकल घ्यायला निघालेला माणूस दुकानात गेला की त्याची नजर बहुधा भलत्याच सायकलवर पडते. जाड टायर, रंगीत फ्रेम आणि सीटखाली चमकणारी स्प्रिंग.

पुनावळेत हा प्रश्न वेगळा का ठरतो?

पुनावळे हे गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. आज ते मुंबई-बंगळूरु महामार्गाच्या कडेला, ताथवडे, रावेत आणि मारुंजीच्या मध्ये उभ्या राहिलेल्या उंच इमारतींचे उपनगर आहे. हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये आणि आसपासच्या कारखान्यांत काम करणारी हजारो कुटुंबे इथे राहतात. महामार्गाखालच्या भुयारी मार्गातली कोंडी रोजचीच. पण इथून थोडे पश्चिमेला गेले की मारुंजी, नेरे, जांबे, कासारसाई धरण असा मोकळा भाग लागतो. मुरमाचे रस्ते, शेताच्या कडेच्या वाटा आणि बोडक्या टेकड्या हाताशी आहेत. मोटार न काढता डोंगराच्या पायथ्याशी पोहोचता येते, ही मोठी सोय आहे.

म्हणून इथल्या सायकलस्वाराची एक फेरी बहुधा तीन तुकड्यांची असते. आधी खड्डे, गतिरोधक आणि वाहतूक असलेला डांबरी रस्ता. मग मुरमाचा रस्ता. शेवटी थोडीशी खरी पायवाट. या तीन तुकड्यांचे प्रमाण किती, यावरच कोणती सायकल घ्यायची हे ठरते. दुकानात हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

फुल सस्पेन्शन म्हणजे नेमके काय?

माउंटन बाइकचे ढोबळ तीन प्रकार आहेत. शॉकअपच नसलेली ‘रिजिड’. फक्त पुढच्या चिमट्यात, म्हणजे फोर्कमध्ये, शॉकअप असलेली ‘हार्डटेल’. आणि पुढे फोर्क व मागे वेगळा शॉक असलेली ‘फुल सस्पेन्शन’. तिसऱ्या प्रकारात फ्रेम एकसंध नसते. मागचा भाग बेअरिंगवर फिरतो आणि चाक वर-खाली होते. चाक जास्तीत जास्त किती मिलिमीटर वर जाऊ शकते, त्याला ‘ट्रॅव्हल’ म्हणतात. लांब पल्ल्याच्या शर्यतीच्या सायकलींत तो साधारण १०० ते १२० मिमी असतो, तर डोंगरातल्या सर्वसाधारण फिरण्यासाठीच्या ‘ट्रेल’ सायकलींत १२० ते १५० मिमी.

शॉकअप आरामासाठी असतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा. शॉकअपचे मुख्य काम टायर जमिनीला चिकटवून ठेवणे हे आहे. दगडावरून जाताना चाक उडाले तर त्या क्षणी ब्रेकही लागत नाही आणि वळणही घेता येत नाही. मागचे चाक जमिनीवर राहिले, तर उतारावर ताबा राहतो आणि खडकाळ चढावर पकड मिळते. ज्या वाटेवर हे प्रसंग वारंवार येतात, तिथे फुल सस्पेन्शनचे पैसे वसूल होतात.

मग पंधरा हजारांच्या दुहेरी शॉकअपच्या सायकलीत काय कमी असते?

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे डँपिंग. स्प्रिंग दाबली की ती ऊर्जा साठवते आणि सोडली की परत देते. ती परत देताना आवरले नाही तर सायकल स्वाराला वर फेकते. चांगल्या शॉकमध्ये तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि त्यामुळे स्प्रिंगची उसळी संथ होते. हेच डँपिंग. मोटारसायकलच्या मागच्या शॉकअपमध्येही हेच तत्त्व वापरलेले असते. स्वस्त सायकलीत बहुतेक वेळा नुसती उघडी स्प्रिंग असते, तिला आवरणारे तेल नसते. खड्डा आला की ती दबते आणि लगेच उसळते. एका खड्ड्याला दोन धक्के बसतात.

दुसरी गोष्ट वजन. लोखंडी फ्रेम, लोखंडी स्प्रिंग आणि जाड नळ्या यांमुळे अशा सायकली १८ ते २० किलोपर्यंत जातात. चांगली अॅल्युमिनियमची हार्डटेल साधारण १३ ते १४ किलोची असते, तर परवडणाऱ्या वर्गातली खरी फुल सस्पेन्शन १४ ते १६ किलोची. सहा किलो जास्तीचे ओझे घेऊन मारुंजीची टेकडी चढायची असेल, तर फरक पहिल्या पाच मिनिटांत कळतो.

तिसरी गोष्ट पायातली ताकद वाया जाणे. पायडल मारताना शरीर थोडे वर-खाली होते आणि साखळीही मागचा भाग ओढते. सांध्यांची रचना साधी असेल तर प्रत्येक पायडलला सायकल डुलते. त्याला ‘पेडल बॉब’ म्हणतात. महागड्या सायकलींत सांध्यांची जागा गणिताने ठरवून आणि डँपिंगने हे डुलणे कमी केलेले असते. स्वस्तात ते शक्य होत नाही. घाम निघतो, पण सायकल पुढे जात नाही.

चौथी गोष्ट सांधे. मागच्या भागाच्या सांध्यांत सीलबंद बेअरिंगऐवजी प्लॅस्टिकच्या किंवा साध्या धातूच्या बुश असतात. पावसाळ्यात त्यात चिखल गेला की काही महिन्यांत खेळ येतो, म्हणजे चाक आडवे हलू लागते. रस्त्यावर हा फक्त आवाजाचा त्रास असतो. उतारावर तो अपघाताचे कारण ठरू शकतो.

म्हणजे ही सायकल वाईट असते असे नाही. सोसायटीच्या आवारात फिरणाऱ्या मुलासाठी ती चालून जाते. ती डोंगरासाठी नाही, एवढेच.

सायकल कुठे चालवायची हे कंपनी सांगते का?

बऱ्याचदा सांगते, पण ते वाचले जात नाही. सायकलींच्या वापराच्या पातळ्या ठरवणारे ‘एएसटीएम एफ २०४३’ हे मानक आहे. अनेक मोठ्या कंपन्या त्यानुसार फ्रेमवर बारीक स्टिकर लावतात किंवा पुस्तिकेत पातळी छापतात. पहिली पातळी फक्त डांबरी रस्त्यासाठी. दुसरी खडीच्या व बऱ्या कच्च्या रस्त्यांसाठी आणि साधारण १५ सेंटिमीटरपर्यंतच्या उडीसाठी. तिसरी खडबडीत पायवाटांसाठी, ६१ सेंटिमीटरपर्यंत. चौथी १२२ सेंटिमीटरपर्यंत. पाचवी पातळी त्याहून अवघड प्रकारांसाठी.

डोंगरातल्या पायवाटेवर जायचे असेल तर किमान तिसरी पातळी हवी. दुकानात सायकल उलटीसुलटी करून हा आकडा शोधावा. स्टिकर नसेल, पुस्तिकेत काही लिहिलेले नसेल आणि विक्रेत्यालाही सांगता येत नसेल, तर ती सायकल डोंगरासाठी बनलेली आहे असे मानण्याचे कारण उरत नाही.

किती पैशांत काय मिळते?

किमती महिन्यागणिक आणि सवलतींनुसार बदलतात. त्यामुळे पुढची विभागणी अंदाजाने धरावी.

*२५ हजारांपर्यंत :* या रकमेत फुल सस्पेन्शनचा विचारच सोडावा. साधी हार्डटेल किंवा पुढेही शॉकअप नसलेली चांगली सायकल घ्यावी. या किमतीत पुढचा फोर्कही नावापुरताच असतो.

*३० ते ६० हजार :* अॅल्युमिनियमची फ्रेम, तेलावर चालणारे, म्हणजे हायड्रॉलिक, डिस्क ब्रेक आणि सनटूरच्या एक्ससीटी किंवा एक्ससीएम वर्गातला कॉइल स्प्रिंगचा फोर्क असलेली हार्डटेल. पुनावळे ते कासारसाई आणि मधल्या मुरमाच्या रस्त्यांसाठी ही पुरेशी आहे.

*६० हजार ते एक-सव्वा लाख :* हवेचा दाब कमी-जास्त करता येणारा एअर फोर्क, पुढे एकच दाती असलेला सुटसुटीत गिअर संच आणि ट्यूबलेस होणारी चाके असलेली चांगली हार्डटेल. याच पैशांत जुन्या बाजारात एखादी खरी फुल सस्पेन्शन मिळू शकते.

*साधारण दीड लाखापासून पुढे :* नव्या, खऱ्या फुल सस्पेन्शनची सुरुवात इथे होते. जायंट स्टान्स, पॉलिगॉन सिस्कियू, मारिन रिफ्ट झोन, ट्रेक फ्युएल ईएक्स ही नावे जगभर या प्रकारात घेतली जातात. यांतले कोणते मॉडेल त्या वर्षी भारतात येते आणि इथल्या विक्रेत्याकडून त्याची वॉरंटी मिळते का, हे विचारूनच पुढे जावे.

यामागचे गणित सोपे आहे. एकाच किमतीच्या दोन सायकली घेतल्या, तर हार्डटेलमध्ये मागचा शॉक, सांधे आणि बेअरिंग यांचा खर्च वाचतो. ते पैसे फोर्क, ब्रेक आणि चाकांत जातात. फुल सस्पेन्शन त्याच किमतीत बसवायची तर कुठेतरी हात आखडावा लागतो. आणि तो बहुधा ब्रेक, फोर्क आणि टायर या तीन ठिकाणीच आखडला जातो. उतारावर जीव मात्र याच तिन्हींवर असतो.

करकपातीनंतरही या सायकली महाग का?

कारण परदेशी बनावटीच्या पूर्ण सायकलीवर जीएसटीच्या आधी आयात शुल्क लागते. २०२३ च्या अर्थसंकल्पात सायकलींवरील मूळ आयात शुल्क ३० टक्क्यांवरून ३५ टक्के केले गेले. २०२५ मध्ये त्याची फोड बदलली. मूळ शुल्क २० टक्के आणि कृषी पायाभूत सुविधा उपकर १५ टक्के असे झाले. बेरीज तीच राहिली.

उदाहरणार्थ, ज्या देशाशी सवलतीचा करार नाही तिथून येणाऱ्या सायकलीचे आयात मूल्य ५० हजार रुपये धरू. ३५ टक्क्यांनी १७,५०० रुपये वाढून ती ६७,५०० रुपयांची होते. त्यावर १२ टक्के जीएसटी असताना ती ७५,६०० रुपयांना पडली असती, ५ टक्क्यांनी ७०,८७५ रुपयांना पडते. फरक ४,७२५ रुपयांचा. त्यात आयातदार आणि दुकानदार यांचा नफा, वाहतूक आणि साठवणूक मिळवली की दुकानातली किंमत तयार होते. म्हणजे जीएसटी कपातीने दिलासा मिळाला आहे, पण परदेशात ‘बजेट’ म्हणून गणली जाणारी सायकल इथे बजेटमध्ये बसेलच असे नाही. परदेशी चॅनेलवरचे व्हिडीओ पाहून इथले बजेट ठरवले की पहिली चूक तिथेच होते.

बिल घेताना त्यावर ५ टक्के जीएसटी लावला आहे ना, हेही पाहून घ्यावे. 

दुकानात दहा मिनिटांत काय तपासता येते?

त्यासाठी तांत्रिक ज्ञान लागत नाही. 

पहिली चाचणी : सीटवर दोन्ही हातांनी जोर देऊन मागचा शॉक दाबावा आणि एकदम सोडावा. सायकल गोळीसारखी उसळली तर डँपिंग नाही किंवा बिघडलेले आहे. सावकाश, आवरून वर आली तर ठीक. शॉकवर उसळीचा वेग बदलणारे ‘रिबाउंड’ बटण असते, ते बहुधा लाल रंगाचे असते. ते फिरवून पुन्हा दाबून फरक पाहावा. फरक पडत नसेल तर बटण शोभेचे आहे.

दुसरी चाचणी : सायकलवर नेहमीच्या कपड्यांत आणि पाठीवर पिशवी असेल तर तिच्यासह स्थिर बसावे. केवळ वजनाने शॉक जितका दबतो त्याला ‘सॅग’ म्हणतात. ट्रेल सायकलीत मागे तो साधारण २५ ते ३० टक्के असावा. शॉकच्या दांड्यावर रबरी कडे असते, ते किती सरकले हे मोजता येते. शॉकची एकूण हालचाल ५० मिमी असेल तर कडे सुमारे १३ ते १५ मिमी सरकायला हवे. स्वाराच्या वजनाप्रमाणे हे बदलता येत नसेल, तर ५५ किलोच्या आणि ९० किलोच्या माणसाला एकच स्प्रिंग मिळते. ती दोघांपैकी एकाला तरी चुकीची असते.

तिसरी चाचणी : सीट धरून मागचे चाक किंचित उचलावे आणि सोडावे. ‘टक’ असा आवाज आला किंवा खेळ जाणवला तर सांधा किंवा शॉकची बुश गेलेली आहे. नव्या सायकलीत हे अजिबात चालणार नाही.

चौथी चाचणी : जवळच्या उड्डाणपुलाच्या कडेला किंवा चढावर सायकल नेऊन पाहावी. सीटवर बसून आणि उभे राहून पायडल मारावे. डुलणे किती आणि पुढे जाणे किती, हे तिथे समजते. शॉक ‘लॉक’ करायची कळ असेल तर तीही वापरून पाहावी.

शेवटी एक प्रश्न विचारावा : या शॉकचे सील, सांध्यांची बेअरिंग आणि मागच्या गिअरचा हँगर इथे मिळतो का? हँगर हा दोन बोटांएवढा धातूचा तुकडा. सायकल पडली की गिअरऐवजी तो वाकावा म्हणूनच तो लावलेला असतो. प्रत्येक मॉडेलचा वेगळा. तो मिळत नसेल तर लाखाची सायकल दोन महिने पार्किंगमध्ये उभी राहते.

देखभालीचा खर्च किती धरावा?

बहुतेक बजेट इथे फसते. खरेदीची रक्कम जमवली जाते, पण त्यानंतरचा खर्च कुणी धरत नाही. शॉक आणि फोर्क ही मोटारीच्या इंजिनासारखी तेल बदलावी लागणारी यंत्रे आहेत. रॉकशॉक्ससारख्या कंपनीच्या वेळापत्रकात मागच्या शॉकच्या हवेच्या कप्प्याची सेवा दर ५० तासांनी सांगितलेली असते. आठवड्याला चार तास सायकल चालवली तर ५० तास साधारण तीन महिन्यांत भरतात. सर्वसाधारण वापरात हे अंतर कुणी थोडे लांबवले तरी वर्षाला दोनदा हे काम निघतेच. त्याशिवाय सांध्यांची बेअरिंग, साखळी आणि ब्रेकचे पॅड आहेतच. मावळाच्या बाजूच्या चिखलात एक पावसाळा काढला तर हा खर्च आणखी आधी येतो.

हे काम कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचे नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. त्याच्या कौशल्याचा हा दोष नाही. त्या शॉकचे सील, ठरावीक तेल आणि जास्त दाबाचा पंप त्याच्याकडे नसतो. पिंपरी-चिंचवड आणि पुण्यात हे काम करणारे मेकॅनिक आहेत, पण सायकल घेण्याआधी त्यांच्यापैकी एकाला गाठून दर विचारून घेणे शहाणपणाचे.

म्हणून हातात एक लाख रुपये असतील तर सायकलीवर ८० ते ८५ हजारच खर्च करावेत. उरलेल्यात हेल्मेट, हातमोजे, शॉकचा पंप, ट्यूबलेसचे द्रव आणि पहिली सेवा बसवावी. हेल्मेटचे पैसे वाचवून घेतलेला शॉकअप हा सगळ्यात महाग सौदा ठरतो.

जुनी सायकल घेणे कितपत सुरक्षित?

पुणे परिसरात बदली, परदेशगमन किंवा घरात जागा नसणे या कारणांनी चांगल्या सायकली विकायला निघतात. कमी पैशांत खरी फुल सस्पेन्शन मिळण्याचा हाच रस्ता आहे. पण इथे डोळसपणा जास्त लागतो. फ्रेमच्या जोडांवर, विशेषतः शॉक जिथे बसतो त्या भागात आणि खालच्या नळीवर, केसासारखी चीर आहे का ते उजेडात पाहावे. फोर्कच्या चकचकीत नळ्यांवर बोट फिरवावे. नखाला ओरखडा लागला तर तिथून तेल गळणार. शॉकभोवती तेलाचा ओलावा असेल तर सेवेचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. मूळ बिल आणि फ्रेमवरचा क्रमांक जुळतो का, हे न पाहता पैसे देऊ नयेत. चोरीची सायकल विकत घेण्याचा धोका त्यामुळेच टळतो. फ्रेमची दीर्घ वॉरंटी अनेकदा फक्त पहिल्या मालकालाच असते, हेही धरून चालावे.

हार्डटेल घेतली तर कमीपणा आहे का?

मुळीच नाही. माउंटन बाइक क्रॉस कंट्री हा प्रकार १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकपासून खेळला जातो. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये फ्रान्सच्या ज्युलियन अबसालोनने सुवर्ण जिंकले ते हार्डटेलवर. २०१२ मध्ये लंडनला चेक प्रजासत्ताकाच्या यारोस्लाव कुल्हावीने फुल सस्पेन्शनवर सुवर्ण मिळवले. त्यानंतर शर्यतीचे मार्ग अवघड होत गेले आणि मागचा शॉकही नेहमीचा झाला. म्हणजे आधी वाट बदलली, मग सायकल. पहिली सायकल घेणाऱ्यासाठीही क्रम हाच असावा.

हार्डटेलवर शिकणाऱ्याला वाट वाचण्याची सवय लागते. कोणत्या दगडावरून जायचे, कुठे उठून उभे राहायचे, ब्रेक कधी सोडायचा, हे पाय आणि हात शिकतात. पुढे फुल सस्पेन्शन घेतली तरी हे कसब वाया जात नाही. शिवाय सगळ्यात स्वस्त सस्पेन्शन हवेत असते. २.३ ते २.४ इंच रुंदीचे ट्यूबलेस टायर आणि ७० किलोच्या स्वारासाठी २० ते २५ पीएसआयच्या आसपास हवा, एवढ्याने मुरमावरचा बराच धक्का जिरतो. सवयीने ४०-५० पीएसआय हवा भरून घेणारे अनेक जण मग शॉकअप कमी पडतो अशी तक्रार करतात.

सायकल घेतली, पण वाटा उरतील का?

हा प्रश्न खरेदीपेक्षा मोठा आहे. पुनावळेच्या वनक्षेत्रात कचरा प्रकल्प उभारण्याचा महापालिकेचा प्रस्ताव होता. २०२३ मध्ये रहिवाशांनी त्याविरोधात आंदोलन केले आणि त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनात प्रकल्प रद्द करण्याची घोषणा झाली. घराजवळचे जंगल आणि टेकडी हा इथल्या लोकांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे, हे त्यातून दिसले. पण कचरा प्रकल्प गेला म्हणून टेकडीवर सायकल चालवण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. वनजमिनीवर वनविभागाचे नियम लागू असतात. खासगी शेतातल्या वाटा शेतकऱ्याच्या परवानगीच्या असतात आणि जिथे आज मुरमाचा रस्ता आहे, तिथे उद्या इमारतीचा पत्रा लागू शकतो.

सायकलस्वारांचीही जबाबदारी आहे. भर पावसात ओल्या मातीवर जाड टायर फिरले की वाटेत चर पडतात, त्यातून पाणी वाहते आणि माती धुपते. जोराचा पाऊस झाल्यावर वाट सुकेपर्यंत थांबणे, पायी फिरणाऱ्यांना आणि गुरांना आधी जाऊ देणे, नव्या वाटा न पाडणे, एवढे पाळले तर सायकलींना विरोध करण्याचे कारण कुणाला राहणार नाही.

मग निर्णय कसा घ्यावा?

आधी महिनाभराचा हिशेब मांडावा. फिरण्यातला किती भाग डांबरावर, किती मुरमावर आणि किती दगडी पायवाटेवर? पायवाटेचा वाटा नगण्य असेल तर फुल सस्पेन्शन हे रोज वाहायचे ओझे ठरते. हिंजवडीला कामावर जाण्यासाठी तर ते नकोच. मुरूम आणि अधूनमधून पायवाट असेल तर चांगली हार्डटेल घ्यावी. दर आठवड्याला लोणावळ्याहून राजमाचीकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेसारख्या खडकाळ मार्गांवर जाणे होत असेल, हार्डटेलवर किमान एक हंगाम काढून झाला असेल आणि देखभालीसाठी वर्षाला पैसे बाजूला ठेवता येत असतील, तर फुल सस्पेन्शन घेण्याची वेळ आली आहे. तेव्हाही पैसे कमी पडत असतील तर नवी पण कमअस्सल घेण्यापेक्षा जुनी पण खरी घ्यावी, किंवा आणखी सहा महिने थांबावे.

शंका असेल तर आधी भाड्याने किंवा ओळखीच्या कुणाची सायकल घेऊन त्याच टेकडीवर दोन फेऱ्या मारून पाहाव्यात. दुकानातल्या फरशीवर सगळेच शॉकअप मऊ लागतात.